शिल्लक कापड : लाल रक्तपेशीच्या आवरणाचं गणित



आज मी तुमच्याशी पानिपतहून बोलतो आहे. हे नाव घेतलं की मराठी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. आपण तर ते गावाचं नाव राहूच दिलेलं नाही. निवडणुकीत पानिपत होतं, परीक्षेत पानिपत होतं, गल्लीतल्या क्रिकेट संघाचंसुद्धा होतं. निवृत्तीनंतर मी इथे मुलीकडे राहतो. जावई इथल्या रिफायनरीत आहेत. दर १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकावर महाराष्ट्रातून मंडळी येतात, त्यातले दोन-चार जण आमच्याकडे चहाला येतात आणि म्हणतात, साहेब, एकदा लढाईवर बोला की. बोलेन कधीतरी. आज मला कापडावर बोलायचं आहे.

कारण इथे राहणाऱ्याचं पानिपत म्हणजे कापड. सतरंज्या, चादरी, ब्लँकेटं. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात, त्यांचे रंग निवडले जातात, ते पिंजून पुन्हा सूत होतं आणि त्या सुताचं पुन्हा ब्लँकेट. सकाळी फिरायला निघालं की कानावर मागांचा खडखडाट येतो. मी ज्या कापडाबद्दल बोलणार आहे ते मात्र कुठल्याही मागावर विणलेलं नाही. ते आत्ता तुमच्या बोटाच्या टोकात आहे. तुमच्या प्रत्येक लाल रक्तपेशीभोवती गुंडाळलेलं, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचं आवरण. पेशी साधारण आठ मायक्रॉन रुंद, म्हणजे आवरणाच्या जाडीच्या सोळाशे पट. ही पेशी पलंगावरच्या चादरीएवढी, एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद केली, तर तिचं आवरण एक मिलिमीटर जाड होईल. शरीरात अशा सुमारे पंचवीस लाख कोटी पेशी असतात आणि एकेक पेशी साधारण १२० दिवस टिकते.

हे आवरण ओढलं, दाबलं, वाकवलं तर काय होतं, याचं गणित मांडणारी एक विद्याशाखा आहे. मी काही त्यातला विद्वान नाही. बी.एस्सी.ला गणित होतं, तेवढंच भांडवल. पण या गणिताशी माझी गाठ एका जवानामुळे पडली. तो पुढे येईल. आधी गणित.

आधी ‘मॉडेल’ या शब्दाविषयी. फौजेत हल्ल्यापूर्वी सँड मॉडेल करतात. जमिनीवर वाळू पसरून डोंगराची सोंड, नाला, शत्रूचे बंकर, आपला रस्ता, सगळं मांडायचं आणि त्यावर कंपनीला समजावून सांगायचं. नवा लेफ्टनंट असला की तो हौसेनं झाडंझुडपं लावतो, छोटी छोटी घरं करतो. अनुभवी सुभेदारसाहेब येतात आणि अर्ध्याहून जास्त गोष्टी काढून टाकतात. कुठला उतार पायी चढता येईल आणि कुठून गोळी येईल, एवढंच ठेवतात. गणिती मॉडेल म्हणजे नेमकं हेच. लाल पेशीच्या आवरणात शेकडो प्रकारचे रेणू आहेत. त्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकायचं आणि पाहायचं, की उरलेल्या दोन-तीन गोष्टींवर पेशीचं वागणं कळतं का.

काढून काढून शेवटी काय उरतं? दुधाची पिशवी.

घरात अर्ध्या लिटरची पिशवी येते, ती डोळ्यांपुढे आणा. प्लास्टिक ताणलं जात नाही, दूध दाबून कमी होत नाही. तरी पिशवी हातात कशीही लोळते, लांब होते, चपटी होते, बरणीच्या तोंडातून आत सरकते. का? कारण आतल्या दुधाच्या मानाने प्लास्टिक जास्त आहे. सगळी लवचिकता त्या जास्तीच्या प्लास्टिकमध्ये आहे. आता तीच पिशवी तट्ट भरली आहे असं समजा. प्लास्टिक तेच, दूध तेच, पण आता ती आकार बदलत नाही. दाबली की फुटते.

लाल पेशीचे आकडे असे. घनफळ सुमारे ९४ घन मायक्रॉन. पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस मायक्रॉन. कागद-पेन्सिल घ्या आणि ९४ घन मायक्रॉनचा गोल करा. त्याची त्रिज्या येते २.८२ मायक्रॉन आणि पृष्ठफळ १००. म्हणजे तेवढा ऐवज गुंडाळायला १०० पुरले असते, पेशीपाशी आहेत १३५. पस्तीस टक्के कापड शिल्लक. शिंप्याच्या भाषेत शिलाईत दाबून ठेवलेली माया. म्हणूनच ती पेशी गोटीसारखी नसते, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली असते. शाळेच्या पुस्तकात आपण ‘द्विअंतर्वक्र’ म्हणून पाठ केलं आणि मार्क घेतले. त्या खळग्याचा अर्थ असा, की पिशवी तट्ट भरलेली नाही.

आता पिशवीकडून पुन्हा कापडाकडे. कुठलंही कापड हातात घेऊन तीन गोष्टी करता येतात. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढायचं. ते फारसं ताणलं जात नाही. तिरपं ओढायचं, चौकोनी वीण तिरकी होते आणि कापड सहज लांबतं. बायकांना हे ठाऊक असतं, ‘उरेब’ कापड म्हणतात ते हेच. आणि तिसरं, घडी घालायची. ते तर सगळ्यांत सोपं. पेशीच्या आवरणालाही या तीन क्रिया आहेत: क्षेत्रफळ वाढवणं, तिरपं खेचणं, वाकवणं. फरक आहे तो त्यांच्या किमतीत. क्षेत्रफळ तीन-चार टक्के वाढवलं की आवरण फाटतं. तिरपं खेचायला लागणारं बळ मात्र त्याच्या पन्नास हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी. वाकवणं तर इतकं स्वस्त, की आजूबाजूच्या रेणूंच्या उष्णतेच्या धक्क्यांनीसुद्धा आवरण थरथरतं. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत लाल पेशी सतत लुकलुकताना दिसते. १९७५ साली ब्रोशार आणि लेनन यांनी या लुकलुकण्याचं गणित निव्वळ उष्णतेवर बसवून दाखवलं. नंतर प्रश्न आला, की जिवंत पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून त्यात भर घालते का. अशा ‘सक्रिय’ आवरणाचा सिद्धांत २००० साली मांडणाऱ्या तिघांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे श्रीराम रामस्वामी होते. विषय मोठा आहे, आज तिकडे वळत नाही.

पण कापडाची उपमा एका ठिकाणी तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. सतरंजीत फुटबॉल गुंडाळून पाहा. सुरकुत्या पडतातच. सपाट वस्तू न ताणता, न चुरगळता गोलावर बसत नाही, हे गाउस या गणितज्ञानं १८२७ मध्ये सिद्ध केलं. जगाचा नकाशा सपाट कागदावर खरा येत नाही तो याच कारणानं. नकाशावाचनाच्या कोर्समध्ये आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पेशीचं आवरण मात्र सुरकुती न पडता गोल होतं, कारण ते विणलेलंच नाही. ते लिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं आहे, आणि हे रेणू आपल्या थरात पाण्यावरच्या तेलासारखे इकडून तिकडे वाहतात. जाडीच्या दिशेनं पडदा, पसरण्याच्या दिशेनं द्रव. खरी वीण आहे ती या पडद्याच्या आतल्या बाजूला, स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी, गुंतवळीसारखी सैल. तिरपं खेचल्यावर पेशीला परत जागेवर आणते ती ही जाळी. फाटू देत नाही तो द्रव पडदा. दोन्ही मिळून पेशी होते.

थर दोन आहेत हे कसं कळलं, त्याची गोष्ट गमतीची आहे. १९२५ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल पेशींतला स्निग्धांश अॅसिटोननं काढला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरला आणि मोजला. पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरला. म्हणजे दोन थर. निष्कर्ष बरोबर होता. पण पुढे लक्षात आलं, की अॅसिटोननं सगळा स्निग्धांश निघालाच नव्हता, आणि पेशींचं पृष्ठफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. माझे तोफखान्यातले मित्र असे किस्से बरेच सांगतात, पण ते कॅमेऱ्यासमोर नकोत.

मग वाकवण्याच्या किमतीचा हिशोब. १९७० मध्ये पीटर कॅनहॅम यांनी विचारलं, की घनफळ ठरलेलं, पृष्ठफळ ठरलेलं, तर वाकवण्याची ऊर्जा सगळ्यांत कमी लागणारा आकार कोणता? उत्तर आलं, मध्ये खळगा असलेली चकती. आपली लाल पेशी. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, वुल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याचं सर्वसाधारण सूत्र दिलं. हे तेच हेल्फ्रिश, ज्यांनी मार्टिन शाट यांच्याबरोबर १९७० मध्ये द्रव-स्फटिकाचा तो पडदा शोधला, जो पुढे आपल्या मनगटी घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये आला. घड्याळाच्या पडद्यातले रेणू जसे एका दिशेनं उभे राहतात आणि वळवले की विरोध करतात, तसंच आवरणातले लिपिड. एका क्षेत्रातलं गणित दुसऱ्या क्षेत्रात नेलं, इतकंच.

सूत्र तोंडी सांगतो, घाबरू नका. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला दोन वक्रता असतात, एकमेकींना काटकोनात. दोन्हींची बेरीज करा, आवरणाला मुळात जेवढी वक्रता हवीशी असते तेवढी वजा करा, वर्ग करा, आवरणाच्या ताठपणानं गुणा, निम्मं करा आणि सगळ्या पृष्ठभागावर बेरीज मारा. झाली ऊर्जा. आता मुळात सपाटच राहू पाहणाऱ्या आवरणाचा गोल घ्या. वक्रतेचा वर्ग त्रिज्येच्या वर्गानं कमी होतो, पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. दोन्ही कटतात. उत्तरात त्रिज्या राहतच नाही. म्हणजे छोटा फुगा असो की मोठा, आवरणाचा गोल करायचा खर्च तोच. हे पहिल्यांदा वहीत सोडवलं तेव्हा मी तीन वेळा तपासलं. नंतर मुलीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, चहा निवतोय.

आता या सगळ्याचा उपयोग काय, ते. बारीक केशवाहिनीतून जाताना पेशी लांबट होते. वरच्याच आकड्यांवरून हिशोब केला तर सुमारे तीन मायक्रॉन व्यासाच्या नळीतून ती कशीबशी जाईल. त्यापेक्षा अरुंद नळीत शिलकीचं कापड संपतं. पण शरीरातली खरी चौकी आहे प्लीहेत. जुनी माणसं तिला पांथरी म्हणायची. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड. तिथे रक्ताचा काही भाग अशा जागेत जातो, जिथून परत शिरेत यायला भिंतीतल्या फटींतून घुसावं लागतं. फट रुंदीला मायक्रॉनभर, बऱ्याचदा त्याहून कमी. आठ मायक्रॉनच्या पेशीनं यातून जायचं. गेली तर कामाला लायक. अडकली तर तिथल्या भक्षक पेशी तिला खातात. फौजेत दरवर्षी वैद्यकीय वर्गवारी होते, तसं हे.

फटीतून जाताना पेशीचा आकार कसा असेल? थोडी अलीकडे, थोडी पलीकडे, मध्ये बारीक मान. डमरू म्हणा. सगळ्यांत कठीण क्षण निम्मी-निम्मी असतानाचा. तेव्हा ती दोन सारखे गोल आणि मधली मान अशी असते, आणि मान अगदी बारीक धरली तर तिचं क्षेत्रफळ सोडून देता येतं. एका गोलाचे दोन सारखे गोल केले, एकूण घनफळ तेच ठेवलं, तर पृष्ठफळ किती पट लागतं? दोनाच्या घनमूळाइतकं. १.२६. आपला मूळ गोल १०० चौरस मायक्रॉनचा होता. डमरूला लागणार १२६. पेशीपाशी आहेत १३५. नऊ चौरस मायक्रॉनची जागा, बस्स. घनफळ तेच राहून पेशीनं सात टक्के कापड गमावलं, की चौकी बंद.

हे मी वहीच्या पानावर केलेलं गणित झालं. २०१६ मध्ये इगोर पिवकिन, जॉर्ज कार्नियाडाकिस, सुब्रा सुरेश आणि सहकाऱ्यांनी संगणकावर जाळी, लिपिडचे थर, आतला द्रव सगळं घालून प्लीहेच्या फटीतून पेशी सोडून पाहिली. पृष्ठफळ आणि घनफळ यांची कुठली जोडी पार होते आणि कुठली अडते, याची सीमारेषाच त्यांनी आखली. सुब्रा सुरेश मूळचे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, धातू किती ताणला की तुटतो याचा अभ्यास करणारे. तिथून ते मलेरियानं ताठर झालेल्या लाल पेशींकडे आले.

या हिशोबाची साक्ष देणारा एक जुना आजार आहे. काही घराण्यांत जन्मतःच आवरणाची जाळी आणि पडदा यांची बांधणी ढिली असते, आवरणाचे बारीक तुकडे गळत राहतात, पेशी हळूहळू गोल होते. आतलं हिमोग्लोबिन उत्तम, ऑक्सिजन वाहायला काही अडचण नाही. तरी रुग्णाला पंडुरोग, कावीळ, कारण प्लीहा या गोटीसारख्या पेशी अडवून मारते. प्लीहा काढली की रक्त सुधारतं, पेशी गोलच राहतात तरी! प्रयोगशाळेत यासाठी पेशी कमी-कमी मिठाच्या पाण्यात टाकून कधी फुटतात ते पाहतात. शिल्लक कापड कमी असेल ती पेशी आधी फुगून फुटते. वर्षानुवर्षं लॅबमध्ये चालणारी ही चाचणी मुळात भूमितीची चाचणी आहे.

इथे सावधही करतो. पिशवीत साठवलेलं रक्त ३५ किंवा ४२ दिवस चालतं, टिकवण्याच्या द्रावणाप्रमाणे. त्या काळात पेशी आवरणाचे कण टाकत राहतात, काटेरी होतात, गोल होत जातात. आपल्या हिशोबानं ताजं रक्त जुन्यापेक्षा केव्हाही सरस ठरायला हवं. बऱ्याच डॉक्टरांनाही तसं वाटे. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये आलेल्या एकीत वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पेशींचं जे होतं ते होतंच, पण रुग्ण म्हणजे पेशींची बेरीज नव्हे. सँड मॉडेलवर हवामान दाखवता येत नाही.

आता तो जवान.

माझ्या हाताखालचा, पूर्व विदर्भातल्या एका खेड्यातला, वीस-बावीस वर्षांचा, धावण्यात पलटणीत पहिल्या पाचांत. उंचीवर जाण्याआधीचे सरावाचे दिवस नियमाप्रमाणे पूर्ण करून आम्ही पंधरा हजार फुटांच्या आसपास होतो. दुसऱ्या रात्री त्याच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, खांद्यापर्यंत कळ. पोरं म्हणाली, गॅस झाला असेल. आमच्या डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “गाव कोणतं रे तुझं?” गाव ऐकल्यावर म्हणाले, हा सकाळची वाट न बघता खाली जाईल. ऑक्सिजन लावून त्याला उतरवलं. खाली तपासणीत निदान झालं, प्लीहेच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडला होता. आणि रक्ताचा अहवाल आला, सिकलसेल वाहक, ‘एएस’. त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं, त्याला आयुष्यात कधी काही झालं नव्हतं.

तो बरा झाला, पुढे नोकरीही पूर्ण केली, फक्त उंचीवरची नाही. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. पेशीत काय घडतं, की पुण्यात आणि पठाणकोटला ठणठणीत असलेला मुलगा पंधरा हजार फुटांवर असा कोसळावा? अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो एवढं आम्हाला पाठ होतं. निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा उलगडलं.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून ताठ काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी होते. गंमत म्हणजे, अशी पेशी पाणी गमावून आक्रसते, घनफळ कमी होतं. आपल्या भूमितीच्या हिशोबानं तिला तर फटीतून जाणं सोपं व्हायला हवं! दूध कमी, प्लास्टिक तेवढंच. पण पिशवीतल्या दुधाचं दही लागलंय, किंबहुना गोठून बर्फ झालाय. इथे पृष्ठफळ-घनफळाचं मॉडेल बाजूला ठेवावं लागतं आणि घड्याळ हातात घ्यावं लागतं.

१९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी मोजलं, की काड्या तयार होण्याची परिस्थिती आल्यावर लगेच काही घडत नाही. काही वेळ शांतता असते आणि मग एकदम सगळं गोठतं. दबा धरून बसलेल्या शत्रूसारखं. हा शांततेचा वेळ हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ठरतो, आणि ते किती तीव्रतेनं, तर सुमारे तिसाव्या घातानं. घरी कॅल्क्युलेटरवर करून बघा. दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला तर वेळ चौपटीहून कमी होतो. दहा टक्क्यांनी वाढला तर सतरा पट कमी. निसर्गात तिसावा घात मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

म्हणजे ही शर्यत आहे. शांततेचा वेळ संपण्याआधी पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसात पोचली, ऑक्सिजन मिळाला, की वाचली. वाहकाच्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन साधारण चाळीस टक्के किंवा कमी. त्यामुळे ही वेळ एरवी इतकी लांब असते, की शर्यत तो रोज न कळत जिंकतो. उंचीवर ऑक्सिजन कमी. थंडीत माणूस पाणी कमी पितो, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातं. आणि प्लीहेत तर रक्त रेंगाळतं, दाटतं, आम्लधर्मी होतं. सगळीकडे जिंकणारी पेशी तिथे हरते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोंगरावर गेलेल्या वाहकांतला हाच प्लीहेचा त्रास नोंदवला होता. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तो लेख वाचला होता की नाही मला माहीत नाही. त्यांना गावाचं नाव पुरलं.

पूर्ण आजार असलेल्याचं, म्हणजे ‘एसएस’चं, दुखणं वेगळंच आहे. त्याच्या पेशी ही शर्यत दिवसातून कितीदा तरी हरतात, आणि प्रत्येक वेळी आवरण वाकतं, खेचलं जातं. १९७६ मध्ये लक्स आणि सहकाऱ्यांनी कायमच्या विळ्यासारख्या झालेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पूर्ण धुऊन काढलं. नुसती स्पेक्ट्रिनची जाळी उरली. ती जाळीही विळ्याच्याच आकाराची! वारंवार एकाच घडीवर मोडलेल्या कापडाला इस्त्रीनंही जात नाही अशी घडी पडते, तसं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिलं जातं ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढावं म्हणून. सदोष हिमोग्लोबिन त्यानं पातळ होतं. तिसाव्या घातामुळे थोडं पातळ होणंसुद्धा फार मोठं ठरतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इथल्या लोकांना हा शब्द मराठीच वाटतो, इतका तो घरातला आहे. पुणे-मुंबईच्या मंडळींना मात्र अजून तो परका. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं. माझ्या मते या कार्डाचा उपयोग फक्त लग्न जुळवताना नाही. भरतीला निघालेल्या, गिर्यारोहणाला निघालेल्या, लेह-लडाखची सहल ठरवणाऱ्या मुलामुलींनीही ते सोबत ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, तो उत्तम जवान होऊ शकतो, माझा होता. पण डाव्या बरगडीखालची कळ म्हणजे गॅस नव्हे, हे त्याच्या शेजारच्या बंकमधल्यालाही माहीत हवं.

लग्नाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. त्या जवानानं रजेवर गेल्यावर घरच्यांची तपासणी करवली. धाकटी बहीणही वाहक निघाली, आणि तिचं लग्न ठरलेलं. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात पूर्ण आजाराची शक्यता चारात एक. होणाऱ्या जावयाला रक्त तपासायला सांगायचं कसं, यावर घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नाही. शेवटी पोरगी स्वतःच त्याच्याशी बोलली. तो दुसऱ्या दिवशी जाऊन तपासून आला. ‘एए’. मला पत्रिका आली होती.

जाता जाता तपासणीची एक बारीक गोष्ट, कारण यावर नेहमी विचारणा होते. गावपातळीवर आधी होते ती विद्राव्यता चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. नळीमागच्या कागदावरच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर नाही, गढूळ दिसल्या तर आहे. ती एवढंच सांगते, की सदोष हिमोग्लोबिन आहे. ‘एएस’ की ‘एसएस’ हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. पहिलीच्या कागदावर घाबरून जाऊ नका आणि पहिलीवर थांबूही नका. तान्ह्या बाळाला पहिली चाचणी चालत नाही, कारण त्याच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. त्याच्यासाठी थेट दुसरी करून घ्या.